विहिरीचं विहिरीला

मी एका कंपनीची डायरेक्टर आहे. हसू नका. सुरुवातीला मीही हसले होते, आणि त्याचं पुढं काय झालं तेच सांगायला बसले आहे.

कंपनीचं नाव जलवृंत टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड. वृंत म्हणजे देठ, हे मला कंपनी निघाल्यावर तीन महिन्यांनी कळलं. निपाणीच्या अलीकडं आमची गल्ली. अकरा घरं, एक विहीर. त्यातल्या आमच्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, कंपनीचं रजिस्टर्ड ऑफिस. सोप्याच्या एका अंगाला कंपनी, दुसऱ्या अंगाला आमच्या ह्यांच्या दुकानातली सरकी पेंडीची पोती. लोक पेंड न्यायला येत आणि कंपनीवर बसून सुटे पैसे शोधत.

कंपनी काढली माझ्या दिरानं, वीरेंद्रभाऊजींनी. ते बेळगावला विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवतात. कुठल्या विद्यापीठात ते विचारू नका, तिथल्या कँटीनचा चहा मी प्यायले आहे. एके दिवशी ते आले आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "वहिनी, तुमचं आधार आणि पॅन द्या. कंपनी काढायची आहे."

आमचे हे पेंड तोलत होते. तराजू तसाच हातात धरून म्हणाले, "का रे, नोकरी गेली व्हय?"

नोकरी गेली नव्हती. भाऊजींनी मग समजावून सांगितलं. पूर्वी प्राध्यापकानं शिकवलं आणि वर्षाला एक लेख छापला की विद्यापीठ खूश असायचं. आता विद्यापीठांची परीक्षा असते. वरून कमिटी येते, मार्क देते, मार्कांवर नंबर लागतो आणि नंबरावर पोरं आणि निधी येतो. त्या परीक्षेत नवा प्रश्न आलाय: तुमच्या प्रयोगशाळेतून किती कंपन्या जन्मल्या? म्हणून कुलगुरूंनी फर्मान काढलं, दर विभागामागं एक कंपनी. मला आमच्या लहानपणीच्या कुटुंबनियोजनाच्या बाया आठवल्या. त्याही असंच घरोघर टार्गेट घेऊन यायच्या, फक्त उलट्या कामासाठी. संस्कृत विभागानंसुद्धा एक कंपनी काढली म्हणे. ती काय करते हे अजून कुणाला कळलेलं नाही, पण तिचा बोर्ड आमच्यापेक्षा मोठा आहे.

"म्हणजे मार्कांसाठी?" मी विचारलं.

भाऊजींनी आता कुठं चप्पल काढली. मग म्हणाले, "त्यांच्यासाठी मार्कांसाठी. माझ्यासाठी... वहिनी, एकोणीस वर्षं मी काचेच्या नळीत पाणी शुद्ध करतोय. आजवर एकानंही त्यातलं घोटभर पाणी प्यायलेलं नाही."

माझा हा स्वभावच नडतो. असं कुणी बोललं की मी आधार कार्ड देऊन टाकते.

नोकरीतल्या प्राध्यापकाला डायरेक्टर व्हायला परवानगी लागते, आणि त्यांच्या परवानगीची फाइल दोन टेबलांच्या मध्ये कुठंतरी प्रवासात होती. बाई डायरेक्टर असली तर मार्क जास्त. म्हणून मी आणि आमचे हे. मी सातवी पास. पुढचं शिक्षण दुकानातल्या रद्दीवर झालं. पुड्या बांधता बांधता मी बरंच वाचलं आहे, पण प्रत्येक गोष्टीचं दुसरं पान गिऱ्हाईक घेऊन गेलेलं.

तर माझी डायरेक्टरकी. आधारवर मी Trishala, पॅनवर Trushala आणि बँकेत त्रिशलादेवी. तिघींपैकी डायरेक्टर कोण, यावर चार महिने गेले. कचेरीतले साहेब दरवेळी कागद उलटसुलट करून "नाळे बन्नी" म्हणत, म्हणजे उद्या या. त्यांचा उद्या आणि आपला उद्या वेगळा असतो, एवढं कानडी मला त्याच काळात पक्कं आलं. बोर्डावर कानडी मोठं पाहिजे, ते मोठं झालं, खाली इंग्रजी. "मराठीत पण लिव्ह की," हे पेंटरला म्हणाले. तो म्हणाला, "आण्णा, जागा फक्त फोन नंबरपुरती ऱ्हायलीय."

मशीन आलं कार्तिकात. एक निळी टाकी, तिला छोटी काच, काचेत आकडे. आमच्या भागात उसाला युरिया घालतात, तो जमिनीतून झिरपून विहिरीत उतरतो आणि पाण्यात नायट्रेट होतं. तान्ह्या बाळांना ते फार वाईट. ते नायट्रेट धरून ठेवणारा कोळसा भाऊजींनी शोधून काढला होता, आणि तो केला होता तंबाखूच्या टाकाऊ देठांपासून. निपाणीत देठांना काय तोटा.

सगळी गल्ली मशीन बघायला आली. पलीकडच्या घरातले परशराम आप्पा टाकीला हात लावून म्हणाले, "तंबाखूतनं पाणी? मग गिळायचं कशाला, थुकायचंच की."

त्यांची बायको रुक्माक्का. तिनं बावीस वर्षं वखारीत तंबाखू चाळली होती. तिनं नुसता वास घेतला आणि मागं सरली. "माझ्या छातीत हाय तेवढी तंबाखू बास झाली. पोटात कशाला? मी आपलं हिरीचंच पितो."

"अगं, कोळसा आहे तो. धुतलाय."

"मी पण रोज धुवून घेत होतो गं अंग. खोकला गेला का?"

कंपनीनं टाकीचं झाकण लावलं. बाकीची दहा घरं मशीनचं पाणी भरू लागली. रुक्माक्का तेवढी विहिरीचं शेंदायची.

आता मुद्द्याचं. आठवडाभरात कोळसा भरून जातो. मग चार किलो मीठ तीस लिटर पाण्यात कालवून ते टाकीतून सोडायचं, म्हणजे कोळसा धरलेली घाण सोडतो आणि पुन्हा ताजा होतो. हे काम डायरेक्टरचं, म्हणजे माझं. मशीनबरोबर एकवीस पानी पुस्तक होतं. चार पानं कुलगुरूंचे फोटो, सहा पानं आभार, बाकी वायरी. धुतलेलं पाणी टाकायचं कुठं, याबद्दल एक ओळ नव्हती.

आणि मला ओळीची गरजही वाटली नाही. आम्ही जैन. आमच्यात पाणी दुहेरी कापडातून गाळून पितात, आणि कापडात अडकलेले जीव ज्या विहिरीतून आले त्याच विहिरीत परत सोडतात. त्याला जिवाणी म्हणतात. ती वरून फेकायची नाही. भांडं दोरानं पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायचं आणि अलगद कलतं करायचं, म्हणजे जिवांना मार लागत नाही. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला विहिरीवर नेऊन हे शिकवलं होतं. मशीननं विहिरीचं पाणी गाळलं, त्यातून जे निघालं ते विहिरीचं. विहिरीचं विहिरीला. यात विचारण्यासारखं काय आहे?

दर रविवारी तीस लिटर, पाच पाच लिटरच्या सहा खेपा, दोरानं खाली, अलगद. कंबर धरायची. हे म्हणायचे, "पाइप लाव की." मी म्हणायची, "पाइपातनं जीव कसे उतरतील? आपटतील." कुणी कौतुक करावं म्हणून मी हे करत नव्हते, पण कुणी बघत असलं तर जरा जास्त अलगद करायची, हे कबूल करते.

मशीनमध्ये सिमकार्ड होतं. किती नायट्रेट पकडलं ते मशीन स्वतःच बेळगावला कळवायचं. पौषात भाऊजींचा फोन, "वहिनी, आकडा वाढतोय!" माघात, "दीडपट!" फाल्गुनात त्यांच्या आवाजात मला त्यांचा शाळकरी वयातला आवाज ऐकू आला, "दुप्पट, वहिनी! असं जगात कुणाचं मशीन करत नाही!" विद्यापीठाच्या मासिकात पहिल्या पानावर फोटो आला. फोटोत कुलगुरू, टाकी, आणि टाकीमागं माझा पदर. चाळीस गावांना अशी चाळीस मशीनं द्यायची योजना निघाली. वैशाखात कमिटी येऊन बघणार आणि शिक्का मारणार.

पाणी जरा मचूळ लागायला लागलं होतं. पण शाळेच्या मास्तरांनी सांगितलं, "ते मिनरल असतात. बाटलीचं पाणी असंच लागतं." गल्लीला फार बरं वाटलं. पाव्हणे आले की लोक मुद्दाम पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "मिनरल हाय."

याच दिवसांत रुक्माक्काचं बी.पी. वाढलं. पाय सुजले. डॉक्टरनं मीठ बंद केलं. म्हातारपणी आळणी खाणं म्हणजे काय, ते ज्याला पडतं त्यालाच कळतं. दोन दिवस ती ताटावर बसून रडली. मग मीच म्हटलं, मी देते करून. लसूण, जिरं, आमसूल घालून मी तिला बिनमिठाची आमटी रोज डब्यात न्यायची. महिन्याभरानं ती म्हणाली, "त्रिशलाक्का, काय जादू केलीस गं? आता आळणी लागतच न्हाय बघ."

"जिभेला सवय झाली," मी म्हटलं. मला स्वतःचा अभिमान वाटला. हे वाक्य लिहिताना हात जड होतो, पण वाटला होता.

बी.पी. मात्र उतरत नव्हतं. डॉक्टरनं गोळी वाढवली, मग दुसरी दिली. परशराम आप्पा तिच्यावर संशय घेऊन डबे हुंगायला लागले. "कुठं लपवून खातीस सांग." "देवाशप्पथ न्हाय वो." म्हातारपणी दोघं मिठावरून भांडत होती, आणि मी मध्ये पडून तिच्या बाजूनं साक्ष देत होते.

वैशाखात गुंजीला धाकट्या बहिणीकडं वास्तुशांत होती. आमटी करायचा मान माझा. आमच्या माहेरात माझ्या आमटीसाठी लोक रजा काढतात. पहिली पंगत बसली. मग एक पोरगी म्हणाली, "मावशी, मीठ टाकायला विसरलीस." मी चाखून बघितलं. विसरले नव्हते, अंदाजानं टाकलं होतं. तीस वर्षांत माझा अंदाज चुकला नव्हता. पंगतीत मिठाची वाटी फिरायला लागली. माझ्या आमटीत लोक वरून मीठ घालून घेत होते, आणि बहीण सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबुजली, "ताई, तुझं मीठ गेलं तरी कुठं?"

मला इतका राग आला की पहाटेच निघाले. गुंजी स्टेशनवर गाडीची वाट बघत बाकावर बसले तरी तेच डोक्यात. माझं मीठ गेलं कुठं? इथलं पाणी, तिथलं पाणी. आमच्या विहिरीच्या पाण्याला कमी मीठ लागतं, इथं जास्त. आणि मग आतून कुणीतरी दोर सोडावा तसं सगळं हळूहळू खाली उतरलं. चार किलो. दर रविवारी. कार्तिकापासून. एक क्विंटलच्या वर मीठ मी माझ्या हातानं, जिवांना मार लागू नये म्हणून अलगद, विहिरीत सोडलं होतं. आणि त्याच विहिरीतलं पाणी रुक्माक्का रोज पीत होती, वर आमटी माझ्या हातची, त्याच पाण्यातली.

बेळगावला उतरून मी थेट विद्यापीठ गाठलं. भाऊजींनी ऐकलं. मग एका कागदावर विहीर काढली, टाकी काढली, एक बाण काढला, उलटा दुसरा बाण काढला. दोन्ही बाण मिळून गोल झाला. ते त्या गोलाकडं बघत राहिले.

"म्हणजे घाण तीच," ते म्हणाले. "तीच घाण पकडली, सोडली, पुन्हा पकडली. वरून युरिया नवा येतच राहिला. आकडा वाढणारच." मग एकदम, "वहिनी, तुम्ही ते विहिरीत का ओतलंत हो?"

"मग कुठं ओतू? तुम्ही त्याच घरात वाढलात ना? तुमच्या आईनं कुठं ओतलं असतं?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. ज्या घरात जन्मले त्या घरात मशीन ठेवलं, आणि त्या घरात रोज काय करतात ते त्यांच्या एकवीस पानांत आलं नव्हतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांचं असं होतं बहुतेक.

मग ते बारीक आवाजात म्हणाले, "सोमवारी कमिटी आहे. पाच दिवस. तेवढं होऊ दे, मग मी स्वतः सगळं सांगतो. आत्ता सांगितलं तर कंपनीही गेली आणि मीही."

मी हो म्हटलं. इथपर्यंतची चूक अज्ञानाची होती. ही माझी.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "पाच दिवसांत हीर कुठं पळून जातीय?" मिठानं धुणं मी थांबवलं, आणि रुक्माक्काकडं पाण्याचे दोन जार पाठवले. खरं कारण सांगितलं नाही. "दुकानात जास्तीचे आलेत, पी," म्हटलं.

"इकतचं पाणी?" ती म्हणाली. "मी काय मरायला लागलोय?" तिनं ते पाणी म्हशीला पाजलं, विहिरीचं शेंदलं आणि रोजच्यासारखी प्याली. मी भिंतीपलीकडून रहाटाचा आवाज ऐकत होते. ओरडायला पाहिजे होतं. मी कढी ढवळत राहिले.

शनिवारी सकाळी भाकरी थापताना तिचा उजवा हात परातीतच राहिला. तोंड एका अंगाला ओढलं. आमच्या ह्यांच्या टेंपोतून, पेंडीच्या पोत्यांवर गादी टाकून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, "मीठ खात होत्या काय?"

परशराम आप्पा म्हणाले, "तीन म्हैने बंद हाय, सायब. ह्या आमच्या शेजारच्या आक्का रोज आळणी करून देत्यात. सवता."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "असे शेजारी आजकाल मिळत नाहीत," ते म्हणाले. तिथं मान खाली घालणं हाच विनय समजतात, त्यामुळं माझं निभावलं.

सोमवारी कमिटी आली. सात माणसं, दोन गाड्या, सात शाली आम्हीच आणून ठेवलेल्या. गल्ली जमली. कुलगुरूंनी सांगितलं, आमच्या डायरेक्टर मॅडम दोन शब्द बोलतील. भाऊजींनी मला एक कागद लिहून दिला होता. मी तो कमरेला खोचला.

"साहेब," मी म्हटलं, "मशीन चांगलं आहे. ते करणारा माणूसही चांगला आहे. पण त्यातली घाण मी परत विहिरीत ओतली, मीठ घालून. तुमच्याकडं जो दुप्पट आकडा आहे तो त्याच त्याच घाणीचा आहे. शेजारची बाई अर्धांगानं दवाखान्यात पडली आहे. मशीनं देणार असाल तर आधी घरातल्या बायकांना विचारा, त्या काय कुठं ओततात."

मागून भाऊजी उठून उभे राहिले. म्हणाले, "वहिनी खरं सांगताहेत."  मला त्या क्षणी ते शाळकरी वयातले आठवले.

कमिटीचे अध्यक्ष फार सज्जन. त्यांनी चष्मा पुसला, माझं सगळं लिहून घेतलं, शाल घेतली आणि गेले. महिन्यानं अहवाल आला. त्यात होतं की, स्थानिक महिलांनी तंत्रज्ञानाला पारंपरिक जलसंस्कृतीची जोड दिली आहे, ही बाब अनुकरणीय आहे. किती कंपन्या जन्मल्या, त्या प्रश्नाला विद्यापीठाला पैकीच्या पैकी मार्क. नंबर अकरानं वर गेला. फटाके लावले म्हणे.

मार्क मिळाल्यावर कंपनीत कुणाला रस उरला नाही. भाऊजींनी त्या दुप्पट आकड्यावरचा छापून आलेला आपला लेख स्वतः पत्र लिहून मागं घेतला, चाळीस गावांचं थांबवलं. त्यांची खोली आता एका नव्या कंपनीला दिली आहे, ती फोनवरचं कसलंसं अॅप करते. भाऊजी सकाळी आठला पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. कंपनी बंद करायची तर डायरेक्टरची सही लागते, आणि कागदावर आम्ही अजून तिघी आहोत, म्हणून ती बंदही होत नाही. नोटिसा मात्र येत राहतात. पंचायतीनं विहिरीला तांबडा पट्टा मारला. चार पावसाळे गेल्यावर बघू, म्हणाले. तोवर तिसऱ्या दिवशी टँकर.

रुक्माक्का पंधरा दिवसांनी घरी आली. उजवा हात उठत नाही, जीभ जड. परशराम आप्पा दिवसा शेतात, म्हणून दुपारचं मी भरवते. टँकरच्या पाण्यातली आमटी, खरोखरीची आळणी. ती नाक मुरडते आणि खाते. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, कमिटीसमोर मी बोलले ते सगळ्यांनी ऐकलं होतं. पण त्या दिवशी ती दोघं दवाखान्यात होती, आणि नंतर त्यांना सांगायचं कुणी, ही गोष्ट प्रत्येकानं दुसऱ्यावर टाकली. मीही रोज उद्यावर टाकत होते. नाळे बन्नी.

परवा तिनं खिडकीतून बघत विचारलं, "हिरीला तांबडं का फासलंय गं?"

मी सांगितलं. पहिल्यापासून. मीठ, दोर, गुंजी, जार, पाच दिवस.  आमटीवर साय धरली. मग एक एक शब्द उचलून ठेवावा तसं ती म्हणाली, "ते जीव सोडत हुतीस... मिठात ते जगलं आसतील व्हय?"

हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली.

"दिराला सांगितलंस."

"हो."

"नवऱ्याला. त्या सात सायबास्नी."

"हो."

"मला सगळ्यात शेवटी व्हय?"

 मी चमचा हातात धरून बसले. ती भिंतीकडं बघत राहिली, बराच वेळ, इतका की बाहेर टँकर येऊन, भांडी वाजून, निघूनही गेला. मग तिनं तोंड उघडलं. जेवढं उघडतं तेवढं. घरात त्या वेळी भरवायला दुसरं कुणी नव्हतं.